चार बोटे वर, मग थांबा

सतरा ऑगस्ट, रुपये एकशे पंच्याऐंशी फक्त. डोळे तपासल्याची ही पावती नऊ वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर आली आणि मी ती नामंजूर केली. आजारावरचा खर्च कारखाना देईल, असा नियम होता. डॉक्टरांनी तर लिहिले होते, दोन्ही डोळे उत्तम. आजारच नाही तर खर्च कसला? डोळे थोडे तरी अधू निघाले असते तर पैसे त्याच आठवड्यात मिळाले असते. हे मी पावती आणणाऱ्या गृहस्थांना नीट समजावून सांगितले. त्यांनी त्या उत्तम डोळ्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "मग ज्यानं मला तपासायला पाठवलं, त्याच्या पगारातून कापा."

"त्यांची सही लागेल."

"तो कशाला देतोय सही!"

"मग मला कापता येणार नाही."

"कापू नका. पण पावती राहू द्या तुमच्याकडे. माझ्या घरात ती दिसली की बायको पुन्हा सुरू होते."

हे गृहस्थ म्हणजे आमचे क्रेनचालक दाजी. ज्याच्या पगारातून कापायचे होते तो त्यांचा सख्खा मेहुणा. मी सांगणार आहे ते मुख्यतः या मेहुण्याविषयी.

आमचा कारखाना नवे काही बनवत नाही. दुसऱ्यांची बिघडलेली जड यंत्रे आम्ही दुरुस्त करतो. पंप, मोटारी, गिअरबॉक्स. यंत्र ट्रकमधून आत येते, उघडले जाते, पुन्हा बंद होऊन बाहेर पडते, आणि तेवढ्यात त्याला पाच-सहा वेळा तरी उचलावे लागते. फिटर कितीही हुशार असला तरी यंत्र जमिनीवरून उठल्याशिवाय त्याची हुशारी खिशातच राहते. जड वजन बांधून उचलण्याचे काम ज्यांचे, त्यांना आमच्याकडे खलाशी म्हणतात. समुद्राशी त्यांचा काही संबंध नाही. आमच्या मुख्य खलाशाला तर पोहतासुद्धा येत नाही.

त्याला सगळी शेड शिट्टीदादा म्हणते. बुटकी, रुंद खांद्यांची मूर्ती. आयुष्यभर वर बघून मान मागे झुकलेली, त्यामुळे नवख्याला माणूस गर्विष्ठ वाटतो. तसे ते थोडे आहेतही. गळ्यात पितळी शिट्टी असते आणि ती ते रोज सकाळी राखेने घासून चकचकीत करतात. स्वतःच्या चपलांना मात्र वर्षानुवर्षे पॉलिश नाही. बायको म्हणते, "माझ्याकडे इतकं बघितलं असतं तर मीही चमकले असते." यावर ते म्हणतात, "तुला कुठं वजन उचलायचंय?"

आधी ते सुतार होते. एका लाकडाच्या वखारीत खोकी ठोकायचे. दाजींनी त्यांना या कारखान्यात आणले, कारण दाजींचे लग्न त्यांच्या थोरल्या बहिणीशी, अक्कांशी झालेले. दाजी वर, छताखालच्या क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये. शिट्टीदादा खाली, जमिनीवर. वरच्याने चालवायचे आणि खालच्याने खुणा करायच्या. शेडमध्ये ग्राइंडरचा आणि हातोड्यांचा एवढा गोंगाट की बोलून उपयोग नाही. तेव्हा बोट वर करून गोल फिरवले की उचला. तळहात खाली दाबला की उतरवा. मूठ आवळली की आहे तिथे थांबा. खुणा करणारा माणूस एकच. बाकी कुणी हात हलवला तर वरच्याने बघायचे नाही. फक्त मूठ कुणाचीही चालते, झाडूवाल्याचीसुद्धा. शेडमध्ये सगळेच त्यांना दाजी म्हणू लागले ते शिट्टीदादांमुळे. नाते एकाचे, पण दाजी सगळ्यांचे झाले.

शिट्टीदादांची एक पद्धत आहे. वजन कितीही असो, एक मोटार असो की अख्खे पंपाचे धूड, ते चार बोटे वर उचलायचे आणि थांबायचे. थांबायचे म्हणजे खरोखर थांबायचे. त्यांच्याजवळ चार बोटे जाडीची एक लाकडी फळी आहे, स्वतः रंधा मारून केलेली. ती ते एका लांब गजाने लटकलेल्या वजनाखाली सरकवतात. हात खाली घालत नाहीत. मग तंबाखू मळत वजनाभोवती एक फेरी मारतात. पट्टा कुठे धारेवर घासतोय का, कुठला कोपरा खाली झुकतोय का, हूक बरोबर मध्यावर आहे का, हे बघत. फेरी संपली की गजानेच फळी ओढून काढतात, आणि मगच वर जायची खूण. फिटर लोक यात वैतागतात. एकाने एकदा विचारले, "शिट्टीदादा, आरती ओवाळताय का तिला?"

"ओवाळतोय. खाली पडायचंच असलं तर चार बोटांवरून पडू दे बाई, म्हणतोय."

पट्टे बांधण्याबाबतही त्यांचे शास्त्र साधेच. पट्ट्याचे दोन पाय फार फाकवायचे नाहीत. का, असे विचारले तर ते दोन बादल्या धरायला सांगतात. हात अंगाशी असले तर माणूस उभा राहतो, आडवे पसरले की खांदे भरून येतात. "पट्ट्यालापण खांदे असतात," एवढे म्हणून ते पुढे निघतात.

माझी त्यांची ओळख झाली ती भांडणातून. पट्टा झिजला, त्याची शिवण उसवली की ते स्वतः सुऱ्याने त्याचे तुकडे करत. अख्खा ठेवला तर कुणीतरी भंगारातून उचलून पुन्हा वापरेल, हे त्यांचे म्हणणे. माझे म्हणणे, कारखान्याची वस्तू कापली तर कापली, पण कुठली कापली ते कळले पाहिजे. त्यांनी तुकड्यांचे पोते आणून माझ्या टेबलाजवळ ओतले. "मोजा." मी म्हणालो, मला तुकडे नकोत, पट्ट्यावरचा नंबराचा बिल्ला द्या. बिल्ला त्यांनी पट्ट्याबरोबरच कापला होता. तुकडे जुळवत आम्ही दोघे फरशीवर बसलो, एखादे कोडे सोडवत बसावे तसे. तेव्हापासून ते बिल्ला आधी सोडवून आणतात आणि माझ्याकडे पाणी पिऊन जातात.

चाळीत कुणाचे कपाट जिन्यावरून न्यायचे असले की त्यांना बोलावणे येते. ते जातात, पण कपाटाला हात लावत नाहीत. जिन्याखाली उभे राहून खुणा करतात. शेजारी कुरकुरतात, की हा माणूस घाम गाळत नाही आणि चहा मात्र पहिला घेतो. त्यावर ते म्हणतात, "तुमचं कपाट वर गेलं की नाही? आणि जिना अजून जागेवर आहे की नाही?"

आता डोळ्यांच्या पावतीकडे येतो.

त्या वर्षी ऑगस्टमधल्या एका दुपारी एक मोटार शेडच्या या टोकाकडून त्या टोकाला चालली होती. शिट्टीदादांनी मूठ आवळली. मोटार थांबली, पण हातभर पुढे जाऊन, हत्यारांच्या लोखंडी कपाटावर धडकून. कुणाला लागले नाही. कपाटाला पोचा पडला. मॅनेजर धावत आले आणि सगळ्यांदेखत विचारू लागले, कसे झाले? शिट्टीदादा म्हणाले, "वरून दिसलं नसेल."

एवढेच म्हणाले. पण मॅनेजरांनी दाजींना खाली उतरवले, डोळे तपासून आणायला पाठवले आणि निकाल येईपर्यंत गोदामात बसवले. क्रेनचालकाला गोदामात बसवणे म्हणजे काय, ते कारखान्यात काम केलेल्यालाच कळेल. डोळे उत्तम निघाले आणि दाजी पुन्हा वर चढले. पुढे एका फिटरला केबिनमध्ये बसून बघायची बुद्धी झाली, तेव्हा कळले की त्या दिवसांत दुपारी छतातल्या पारदर्शक पत्र्यातून ऊन थेट केबिनच्या काचेवर पडते आणि खालचे काही दिसत नाही. काचेच्या त्या भागाला रंग लावला आणि प्रश्न मिटला. म्हणजे दिसले नव्हते हेही खरे, आणि डोळे उत्तम हेही खरे. दोघांनी आपापले खरे घट्ट धरून ठेवले.

अक्कांनी भावाला घरी बोलावून विचारले, "माझ्या नवऱ्याला चारचौघांत आंधळं ठरवून आलास?"

"मी दिसलं नसेल म्हणालो. आंधळा कुठं म्हणालो?"

"ज्यांनी तुला नोकरीला लावलं, त्यांना गोदामात बसवलंस."

"मी बसवलं? मी काय मॅनेजर आहे?"

"चुकलं म्हण आणि मोकळा हो."

"चुकलं असतं तर म्हणालो असतो."

चहा तसाच ठेवून ते उठले. दारात म्हणाले, आता तू बोलावल्याशिवाय येणार नाही. अक्का म्हणाल्या, मी बोलावणार नाही. दोघे एकाच आईची लेकरे. दोघांनीही शब्द पाळला.

कामात मात्र खंड पडला नाही, आणि यातच सगळी गंमत आहे. रोज सकाळी हे दोघे समोरासमोर यायचे आणि दिवसभर हातांनी बोलायचे. उचला, उतरवा, डावीकडे, थांबा. एवढे बिनचूक बोलणे मी नवरा-बायकोतही पाहिलेले नाही. हातांत न बसणारे काही सांगायचे असले की ते फोरमनमार्फत जायचे. "त्याला सांगा, दुपारी मी अर्ध्या तासानं येणार." "त्यांना सांगा, हुकाला ग्रीस पाहिजे." फोरमन आमचा बिचारा चांगला माणूस, पण त्याला स्वतःचे निरोप लक्षात राहत नाहीत, तिथे या दोघांचे काय राहणार? आम्ही त्याला पोस्टमन म्हणायचो.

घरच्या बायका शहाण्या निघाल्या. शिट्टीदादांची बायको आणि अक्का भाजीच्या बाजारात भेटत राहिल्या. पण अक्कांची खबर बायकोला विचारणे शिट्टीदादांच्या तत्त्वात बसत नव्हते. त्यांनी स्वतःची वाट शोधली होती, आणि ती मला कळली या वर्षी.

दाजी गेल्या महिन्याच्या तीस तारखेला निवृत्त होणार होते. त्यांची कागदपत्रे माझ्याकडे होती. महिना सुरू होताच शिट्टीदादा पाणी प्यायला आले आणि प्यायल्यावरही उभेच राहिले.

"वरच्यांचा शेवटचा दिवस तीसच ना?"

"तीसच."

"वाढवून वगैरे नाही मिळत?"

"नाही. का?"

त्यांनी पेला पालथा घातला, पुन्हा सुलटा केला. मग म्हणाले, "ते सकाळी येतात ना, डबा असतो रुमालात बांधलेला. शिडीच्या खुंटीला लावून वर जातात. अक्का गाठ कशी मारते ठाऊक आहे? दोन फेरे, आणि टोकं आत खोचते. लहानपणापासून तसंच. दाजींनी स्वतः बांधला तर एकच गाठ, तीपण ढिली. दोन वर्षांमागं सलग आठवडाभर ढिली गाठ दिसली. मी बायकोला म्हटलं, जाऊन बघ. ताप होता अक्काला. कुणी सांगितलं नव्हतं मला." त्यांनी पेला जागेवर ठेवला. "तीस तारखेनंतर डबा यायचा नाही."

"मग जाऊन या की एकदा."

"बोलावल्याशिवाय जायचं नाही, असं बोलून बसलोय."

"मग दाजींशी बोला. रोज समोर असता."

"काय बोलू? नऊ वर्षांनी एकदम पावसापाण्याचं बोलू? काम असेल तर बोलेन."

आणि कामासाठी तर हात होते. बोलायचे कारण कुठून येणार? मी बारा वेळा सांगितले असते तरी ते गेले नसते, म्हणून मी दुसऱ्यांदाही सांगितले नाही.

बावीस तारखेला एका सिमेंट कारखान्याची नऊ टनांची गिअरबॉक्स उचलून लोखंडी घोडीवर, म्हणजे उंच स्टँडवर, ठेवायची होती. एरवी मी शेडमध्ये जात नाही. त्या दिवशी गेलो, कारण विम्यासाठी तिचा नंबर हवा होता आणि गिअरबॉक्स बनवणाऱ्याने नंबरपट्टी तिच्या तळाशी बसवली होती. मी पिवळ्या रेषेच्या थोडा पुढे उभा राहिलो. लगेच शिट्टी वाजली.

"अकौंटंटसाहेब, मागे. घोडीवर बसली की वाचा निवांत. लटकली असताना खाली डोकं घातलंत, तर आमच्याकडून तुमचा हिशेब होईल."

मी मागे झालो. वजन मोठे असले की शेडमधले ग्राइंडर बंद ठेवायचे, हाही त्यांचाच नियम. त्यामुळे शेड अगदी शांत होती. गिअरबॉक्स जाड लाकडी ठोकळ्यांवर बसली होती. शिट्टीदादांनी चारही कोपऱ्यांच्या कड्यांत पट्टे अडकवले. कडांशी जाड रबराचे तुकडे घातले. एका कोपऱ्याला लांब दोरी बांधून तिचे टोक एका फिटरच्या हातात दिले, वजन फिरू नये म्हणून. मग मागे येऊन वर पाहिले आणि बोट फिरवले.

पट्टे ताणले. गिअरबॉक्स आधी एका कोपऱ्यातून उठली. मूठ. पुन्हा खाली. एक पट्टा थोडा आखूड केला. पुन्हा बोट फिरले आणि या वेळी ती चारही बाजूंनी सारखी, सावकाश उठली. मूठ. खाली चार बोटे मोकळी जागा. त्यांनी गजाने फळी आत सरकवली. ती सहज गेली. तंबाखू निघाली, फेरी सुरू झाली.

फेरी संपवून त्यांनी गजाने फळी ओढली. फळी आली नाही.

त्यांनी पुन्हा ओढली. फळी गिअरबॉक्स आणि ठोकळा यांच्यामध्ये पक्की धरली गेली होती. मला आधी काही कळले नाही. फिटरांच्या चेहऱ्यांवरून कळले. मूठ दाखवलेली असताना नऊ टन हळूहळू खाली येत होते.

आता यात दोन शक्यता. पट्टे नवे होते, आणि नवा पट्टा वजनाने थोडा ताणतो. तसे असेल तर काळजी नाही, ताणून झाला की थांबतो. दुसरी शक्यता, क्रेनचा ब्रेक धरत नाही. तसे असेल तर ही गिअरबॉक्स एक हातसुद्धा वर न्यायची नाही. यातले कुठले खरे ते खालून कळत नाही. ते केबिनमधल्या माणसालाच माहीत. त्याला विचारायला हवे होते. आणि हातांच्या खुणांत उचला आहे, उतरवा आहे, थांबा आहे. विचारायची खूण नाही.

फोरमन शेडमध्ये नव्हता. गेटवर कुणाचा तरी ट्रक अडला होता, तिकडे गेला होता.

शिट्टीदादांनी शिट्टी तोंडातून काढली. ती छातीवर पडली. मान तशीच वर होती. खाकरून ते म्हणाले, "दाजी!"

शेडमधले सगळे त्यांना रोज दाजी म्हणत होते. तरी त्या हाकेने सगळ्यांच्या माना वळल्या. केबिनची काच सरकली आणि दाजींचे डोके बाहेर आले.

"ब्रेक धरतोय का?"

दाजींनी एकदा हुकाकडे पाहिले. मग, "सरकतोय थोडा! सकाळी रिकाम्या हुकालाच जाणवलं. फिटरनं बघितला, म्हणाला चालेल. मी फोरमनला सांगितलं होतं, त्याला सांगा म्हणून, जास्त वेळ थांबवून बघ!"

"मला कुणी नाही सांगितलं!"

"म्हणजे फोरमन विसरला!"

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"तू बोलतोस का माझ्याशी?"

"तुम्ही तरी कुठं बोलता!"

"सुरुवात कुणी केली? गोदामात कुणी बसवलं मला?"

"दिसलं नव्हतं की नाही? खरं सांगा!"

"ऊन होतं!"

"मग ऊन होतं म्हणायचं ना तेव्हाच!"

दोरी धरलेला फिटर अगदी कळवळून म्हणाला, "अहो, आधी ही बाई खाली बसवा, मग काय ती भाऊबंदकी काढा."

शिट्टीदादांनी तळहात खाली दाबला. दाजींचे डोके आत गेले. गिअरबॉक्स हलकेच ठोकळ्यांवर टेकली, फळी मधोमध चिरडली, पट्टे सैल पडले. बोट आडवे फिरले, काम बंद. इतके भांडून उठलेल्या दोन माणसांनी एवढ्या हळुवारपणे काही खाली ठेवलेले मी पाहिले नव्हते.

दाजी शिडीवरून उतरू लागले. साठीचा माणूस, एकेक पायरी सांभाळत. शिट्टीदादा शिडीपाशी गेले आणि शिडी धरून उभे राहिले, जरी ती भिंतीला पक्की बसवलेली आहे.

खाली आल्यावर दाजी म्हणाले, "फळी गेली तुझी."

"दुसरी करीन." मग शिडी सोडत, "मी ते सगळ्यांसमोर म्हणायला नको होतं. बाजूला घेऊन विचारायला पाहिजे होतं."

"आणि मी आज खाली येऊन सांगायला पाहिजे होतं. बारा पायऱ्यांचा तर प्रश्न." दाजींनी खुंटीवरचा डबा नीट केला, उगाचच. "जेवलास का?"

फोरमन परत आला तेव्हा दोघे ठोकळ्यांवर शेजारी शेजारी बसून एका डब्यातून जेवत होते. तो दारातच थबकला. "काय झालं? कुणी गेलं का?"

"तुझी पोस्टमनची नोकरी गेली," दाजी म्हणाले.

ब्रेक उघडला तर आतल्या पट्टीवर तेल गळलेले निघाले. वरचे सील फाटले होते. सकाळच्या फिटरने नुसते ताणून बसवले होते, आत बघितले नव्हते. त्याच्याकडे मॅनेजरांनी नंतर काय ते बघितले. सील बदलले, पट्टी नवी घातली, आधी रिकाम्या हुकाने आणि मग एका लहान मोटारीने तपासले. दुपार कलल्यावर गिअरबॉक्स पुन्हा उचलली. चार बोटे वर. सुतारकामातला एक ओंडका फळी म्हणून आत गेला. या वेळी शिट्टीदादांनी एक नव्हे, दोन फेऱ्या मारल्या, आणि कुणीही आरतीचा विनोद केला नाही. ओंडका सहज बाहेर आला. गिअरबॉक्स घोडीवर बसली, आणि मी रेषेच्या आत जाऊन नंबर वाचून घेतला.

सुट्टी झाल्यावर सायकलींच्या छपराखाली मी दोघांना गाठले. शिट्टीदादा कुलूप काढून नुसतेच उभे होते.

"चल की घरी," दाजी म्हणत होते.

"अक्कानं बोलावलं पाहिजे."

"मी बोलावतोय ना!"

"तुमच्याशी भांडण मिटलं. तिचं वेगळं आहे."

दाजींनी कपाळावर हात मारला, खिशातून फोन काढला, लावला, दोन वाक्ये बोलले आणि तो मेहुण्याच्या कानाला लावला. अक्कांचा आवाज मोठा. मला तीन हातांवरून ऐकू आला.

"नऊ वर्षं हात हलवत होतास नुसता, तोंड हलवायला काय झालं होतं रे?"

शिट्टीदादांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता तरी बोल!"

"काय बोलू?"

"काही बोलू नकोस. ये. आणि येताना दूध घेऊन ये अर्धा लिटर, आहे ते पुरणार नाही."

ते गेले. दूध घेऊन गेले की नाही, हे मी विचारले नाही.

तीस तारखेला दाजी निवृत्त झाले. त्यांच्या जागी पलीकडच्या शेडमधल्या क्रेनवरच्या एक बाई आल्या. त्यांचा हात चांगला आहे असे शिट्टीदादा म्हणतात, आणि त्यांच्याकडून हे मोठे प्रशस्तिपत्र आहे. आता रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी ते गुडघ्यांच्या नावाने कुरकुरत बारा पायऱ्या चढून केबिनपाशी जातात, ब्रेक कसा आहे ते तोंडाने विचारतात आणि उतरतात. बाई म्हणतात, "खालून विचारा की दादा, मी येते." ते म्हणतात, "नको, मी आलेलं बरं." फळी नवी केली आहे. तीही चार बोटांचीच.

दाजींचा हिशेब मी तीस तारखेलाच पूर्ण केला; सोबत शिट्टीदादाही आले होते. सगळी रक्कम दिली, सह्या घेतल्या. शेवटी टेबलाच्या खणातून ती जुनी पावती काढून दोघांपुढे ठेवली, कारण एक अक्षर बाकी ठेवून कागद बंद करणे मला जमत नाही. शिट्टीदादांनी खिशातून दोनशेची नोट काढली.

"पंधरा सुटे नाहीत माझ्याकडे," दाजी म्हणाले.

"राहू द्या पंधरा."

"फुकटचे पंधरा मला नकोत."

"मग मला पंधरा द्या."

"तेच तर म्हणतोय, नाहीत."

माझ्याकडे सुटे होते. पण दाजी म्हणाले, यात कारखान्याने पडू नये. शिट्टीदादांनी नोट परत खिशात ठेवली, आणि दोघे अक्कांकडे जेवायला निघून गेले.

शिट्टीदादांकडून दाजींना एकशे पंच्याऐंशी रुपये अजून येणे आहेत.